येणारीची पात

आंबागडच्या डोंगराची पाठ जिथून दिसते, त्या गावात मोबाइलला रेंज मिळते ती फक्त तलावाच्या पाळीवर. तीही सगळ्या पाळीवर नाही. सांडव्याच्या थोडं अलीकडे पाळ वळते, तिथे एक उघडाबोडका तुकडा आहे. ना झाड, ना झुडूप, नुसती मुरमाड माती. बाकी पाळीवर ऐन आहे, बाभूळ आहे, बसायला चांगली थंडगार सावली आहे. पण सावलीत रेंज नाही आणि रेंजेत सावली नाही. देवाने गावाशी केलेली ही थट्टा लोकांनी कधीच मान्य करून टाकली होती.

त्या तुकड्यावर यंदाच्या जेठात एक निळी प्लास्टिकची खुर्ची आली. खुर्चीच्या पाठीला जुन्या साडीच्या चिंधीने छत्री बांधलेली. छत्रीखाली चंदा, मांडीवर वही, हातात मोबाइल. म्हशी पाण्यावर नेणारे थांबून विचारत, "काय वो चंदा, मासोळी धरून राहिली का?" ती म्हणे, "हो, मोठी हाय. लागली त सांगतो."

मासोळी खरंच मोठी होती. चंदा बारावी कला शाखेची, तीही लग्नानंतर बाहेरून दिलेली. आता तिला घरबसल्या पदवी करायची होती. त्यासाठी विद्यापीठाचा 'बीजगणिताची ओळख' हा ऑनलाइन अभ्यासक्रम आधी पास व्हावा लागणार होता. पहिली चाचणी नापास झाली की नाव कमी. आणि गणिताशी चंदाचं जुनं वैर. दहावीत त्याच विषयाने तिला पाडलं होतं.

मग हा उपद्व्याप कशाला, असं नवऱ्याने, वीरेंद्रने, एकदा विचारलं.  उत्तर होतं त्यांची लेक गुड्डी. सातवीतल्या गुड्डीला सरांनी फळ्यावर बोलावलं, तिला गणित सुटलं नाही, आणि पोरगी सगळ्या वर्गासमोर हसत म्हणाली, "मी मायवर गेली." घरी येऊनही तिने ते मोठ्या कौतुकाने सांगितलं. चंदा तेव्हा भाकरी थापत होती. भाकरी करपली, पण तिच्या ते ध्यानात आलं नाही.

शिकवायला अमर सर होते, लांब कुठल्या तरी शहरातले, शुद्ध बोलणारे, शांत. पहिल्या तासाला त्यांनी 'क्ष' म्हणजे काय ते सांगितलं आणि ते चंदाच्या डोक्यावरून गेलं. एका संख्येची तिप्पट केली, त्यात पाच मिळवले, तर सव्वीस झाले. ती संख्या कोणती? चंदाने क्षच्या जागी शून्य मांडलं. पाच बरोबर सव्वीस असं काहीतरी भयंकर तयार झालं. ती बराच वेळ त्याकडे बघत बसली. ओच्यात कौशल्याबाईंनी, म्हणजे सासूने, बांधून दिलेली जांभळं होती. ती एकेक खायची आणि बिया खुर्चीशेजारी थुंकायच्या, एवढंच काय ते तिला त्या तासात नीट जमलं.

दुसऱ्या तासाला सर म्हणाले, "आता तुम्हाला वेगवेगळ्या खोल्यांत पाठवतो. जोडीने सोडवा." पडदा क्षणभर पांढरा झाला, मग दोन चौकोन उरले. एकात चंदा. दुसरा काळा. त्यावर नाव नव्हतं.

पलीकडून वाऱ्याचा आवाज येत होता. पानांतून येतो तसा. मधेच काहीतरी मऊ जमिनीवर पडल्यासारखं, टप्.

"मॅडम, आवाज येऊन राहिला का माह्या?"

सोळा-सतरा वर्षांच्या पोरीचा आवाज. चंदाने सवयीने मागे वळून पाहिलं, कारण तिला आजवर कोणी मॅडम म्हटलं नव्हतं.

"मॅडम नोको म्हणू वो. मीबी शिकालेच बसली हावो."

"बरं, मॅडम," पोरगी म्हणाली. तिला हसू आलं असावं. "तुमी तिथं शून्य काहून मांडलं?"

"खालीच त हाय ते, रिकामं. मालूम नाही, म्हून शून्य."

"मंग रोवणीत आपण येणारीची पात सोडतो, ते खाली हाय म्हून सोडतो का?"

चंदाचा हात वहीवर थांबला. गावात रोवणीला, म्हणजे भातलावणीला, बाया बांधीत, धानाच्या खाचरात, रांगेने उतरतात, एकेकीच्या वाट्याला एक पात, आणि पऱ्हे, भाताची रोपं, लावत लावत मागे सरकतात. हे सगळीकडेच. पण या गावात तलावाच्या अंगाची एक पात मोकळी ठेवतात. तिला म्हणतात येणारीची पात. तिथे कोणी नसतं, तरी तिच्या वाटणीच्या पऱ्ह्यांच्या पेंढ्या तिथे टाकून ठेवतात, आणि बाकीच्या बाया तिच्याशी रांग जुळवून मागे येतात. बांधी सोडायच्या आधी सगळ्या मिळून ती पात लावून टाकतात. असं का, हे कोणी कधी विचारलं नव्हतं.

"कोणीतरी येणार हाय," पोरगी सांगत होती, "कोण ते मालूम नाही, एवढंच. म्हून तिच्या पेंढ्या मांडून ठेवाच्या. क्ष तसाच हाय, मॅडम. आता पाहा. तीन बांध्यांत सारख्याच पेंढ्या टाकल्या, पाच धुऱ्यावर उरल्या. साऱ्या मिळून सव्वीस. पयले धुऱ्यावरच्या उचला."

चंदाने धुऱ्यावरच्या, कडेच्या बांधावरच्या, पाच मनाने उचलल्या. एकवीस राहिल्या. तीन बांध्या. सात.

सात.  इतकी वर्षं बंद असलेलं दार असं नुसतं बोटाने ढकललं की उघडावं, तसं वाटलं तिला.

"तुले कोणं शिकोलं हे एवढं चांगलं?"

"तुमीच त," पोरगी म्हणाली, आणि पडदा पांढरा झाला.

घरी येताना पाळीवरून उतरता उतरता चंदाच्या ध्यानात आलं की आपण शून्य मांडलंय, हे तिने त्या पोरीला सांगितलंच नव्हतं. कॅमेरा तिच्या तोंडावर होता, वही मांडीवर. असेल काहीतरी, म्हणून तिने विषय डोक्यातून काढला.

मग दर तासाला ती पोरगी असायची. कधी शिकवायची, कधी नुसती ऐकायची. उत्तर मात्र सांगायची नाही. "तुमी नाही सांगत, मंग मी काहून सांगू?" म्हणायची. चंदाची गणितं सुटू लागली. चुलीपाशी, न्हाणीपाशी तिला समोर सारख्या पेंढ्या दिसत. एकदा तिने विचारलं, "तू कोण्या गावची वो?"

"याच गावची. पाळीवरच बसून हावो न. जांभळाखाली."

चंदाने मान वर केली. सांडव्यापर्यंत पाळ दिसत होती, आणि उलट्या अंगाला पार देवळापर्यंत. ओलं गवत, दोन बगळे. माणूस नव्हतं.

"कोणत्या जांभळाखाली?"

"तुमच्याच जागेवर, मॅडम. तुमीच म्हणता न, येथंच टावर भेटते." पुन्हा टप् असा आवाज झाला, मागून लहान पोरांचा गलका आला, कोणीतरी पाढे म्हणत होतं. आणि रेंज गेली.

त्या संध्याकाळी तिने सासूला विचारलं, "पाळीवर जांभूळ होता का कधी?"

कौशल्याबाई तांदूळ निवडत होत्या. "पाळीवर? माह्या जल्मात नाही पाहिला. जांभूळ तिकडं, गडाच्या पायथ्याशी. तुले दिले होते ते तिकडचेच." त्यांनी मान वर केली. "काहून वो, तोंड काहून उतरलं तुह्यं?"

"काही नाही, मामी." सासूला ती मामीच म्हणे.

रोवणी लागली. चंदा सासूच्या शेजारच्या पातीला होती. पलीकडे येणारीची पात मोकळी, तिच्यात पेंढ्या मांडलेल्या. चिखल पोटरीपर्यंत, पाठीवर ऊन. चंदाने कमरेतून सरळ होत विचारलं, "मामी, हे पात कोणासाठी असते हो? मेलेल्या बाईसाठी का?"

कौशल्याबाईंना ते आवडलं नाही. "मेलेल्यासाठी कायले? मेलेल्या बाईनं त आपली पात कधीचीच लावून टाकली. हे जे अजून आली नाही तिच्यासाठी. माही सासू सांगे, मी या गावात यायच्या आधी माही पात होती येथं." मग पुढचा पऱ्हा लावत त्या सहज म्हणाल्या, "आपल्या सर्वाईचीच होती."

चंदाला ते बोलणं गोड वाटलं. दुपारभर ती गुणगुणत होती.

दुसऱ्या दिवशी चाचणी होती. आधी थोडा सराव, मग प्रश्नपत्रिका उघडणार. चंदा लवकर बसली. सर एकटेच होते तेव्हा. तिने धीर करून म्हटलं, "सर, तुमचे आभार मानायचे होते. जोडीदार फार चांगली दिली तुम्ही."

सर गोंधळले. "चंदाताई, मला तर तुमच्याबद्दल वाईट वाटत होतं. वर्गाची संख्या विषम आहे ना. दर वेळी तुम्हीच एकट्या उरता. तुमच्या खोलीत मी कोणालाच पाठवत नाही."

चंदाने मागे वळून सांडव्यापर्यंत पाळ पाहिली.

"पण तुमची गणितं सुधारली आहेत," सर पुढे म्हणाले. "एकटीने केलंत, हे विशेष. चला, सरावाला पाठवतो."

ती नको म्हणणार होती. पडदा पांढरा झाला.

दोन चौकोन. एक काळा.

वारा. पानं. टप्.

"मॅडम?"

 चंदाचं बोट लाल बटणावर होतं. बंद करावं, खुर्ची तिथेच टाकावी, घर गाठावं. चाचणी गेली तर गेली. गुड्डीला काय, आणखी एकदा हसता येईल. हे मनात आलं मात्र, आणि बोट बटणावरून हललंच नाही, ना खाली, ना वर.

"तू कोण होय?" तिने विचारलं. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

पलीकडे पुन्हा टप् झालं.

"आज तुमी भेऊन राहिल्या का, मॅडम?"

"हो."

"मंग मी नाही येत. तुमाले एकटीनंच जमते आता."  पुढचं ती हळू बोलली. "पण बंद नोका करू. तुमी बंद केलं त मले कोण शिकवन?"

पाणी हललं नव्हतं. बगळे जागचे उडाले नव्हते. चंदाने बोट बाजूला घेतलं.

"बस तिथंच," ती म्हणाली. "जाऊ नोको कोठी."

प्रश्नपत्रिका उघडली तेव्हा काळा चौकोन गेला होता. चंदाने एकेक गणित घेतलं. धुऱ्यावरच्या आधी उचलल्या, मग बांध्यांत वाटल्या. आकडे सरळ येत होते. शेवटचं उत्तर टाकून ती उठली, तेव्हा ती मोठ्याने रडत होती, का ते तिलाही सांगता आलं नसतं.

ती पास झाली. नुसती नाही, चांगली पास झाली. वीरेंद्रने साऱ्या गावाला भजी खाऊ घातली आणि मासोळी लागली, मासोळी लागली, असं म्हणत फिरला.

पुढच्या आठवड्यात वर्गात लाखांदूरचे एक भूपेंद्र नावाचे गृहस्थ आले. संख्या सम झाली. चंदाला खराखुरा जोडीदार मिळाला, मिशीवाला, कॅमेऱ्यात नीट दिसणारा, क्षला घाबरणारा. चंदाने त्याला येणारीची पात समजावून सांगितली. सांगताना तिच्या ध्यानात आलं की शब्द त्या पोरीचेच होते, जसेच्या तसे. मग ती थांबली. की हे शब्द आधी आपलेच होते?

तो आवाज पुन्हा आला नाही. चंदाला हायसं वाटायला हवं होतं. तिला चुकल्यासारखं वाटत राहिलं.

धान पोटरीला आला, म्हणजे लोंबी फुटायला आली, तेव्हा गुड्डीही वही घेऊन पाळीवर येऊ लागली. तिच्यामागून तिच्या दोन मैत्रिणी आल्या. बारदान अंथरून पोरी खुर्चीभोवती बसत. चंदा त्यांना आपला तास सुरू व्हायच्या आधी शिकवे. एकदा गुड्डी म्हणाली, "माय, घरी माय म्हणीन. येथं सगळ्या मॅडम म्हणतात, मीबी तेच म्हणीन." चंदाने नुसती मान हलवली.

त्याच दिवशी तिला ते दिसलं. खुर्चीच्या मागल्या पायापाशी, मुरमातून, तांबूस कोवळी दोन पानं वर आली होती. जांभळाचीच. तिने खुर्ची बाजूला घेतली, पाळीखालून बाभळीचे काटे आणले आणि रोपाभोवती कुंपण केलं. 

भादव्याचं ऊन होतं, चामडी भाजणारं. चंदा बसली आणि छत्री उघडायला लागली.

"छत्री कायले, मॅडम?" गुड्डी वहीतून डोकं न काढता म्हणाली. "सावली हाय न."

चंदाने वर पाहिलं. आभाळ स्वच्छ होतं. चिंधी सोडून छत्री मिटलेलीच तिने खुर्चीखाली ठेवली. तास सुरू व्हायला थोडा वेळ होता, मोबाइलची काच अजून काळी होती, आणि त्या काळ्या काचेत पानं हलत होती. तिने पदराच्या टोकाने काच पुसली. पुन्हा पुसली. पानं तशीच हलत राहिली.