रिकाम्या तोंडी न परतणारा

हे कुणालाही सांगायचं नाही, असं मावशीने मला बजावलं आहे. मी सांगत नाहीये, लिहितेय. ही पळवाट आहे हे मलाही कळतं.

मावशी दगडाचं काम करते. तुटलेले पुतळे, कारंजी, जुन्या इमारतींचे झिजलेले कोपरे ती दुरुस्त करते. या आठवड्यात तिला दलदलीच्या काठावरच्या कुत्र्याच्या स्मारकाचं काम मिळालं. कुत्रा शिकारी होता, कैक वर्षांपूर्वीचा. मालकाने टिपलेलं पाखरू कुठेही पडो, तो ते शोधून आणायचा, तेही एकही दात न लावता. चौथऱ्यावर एवढंच कोरलं आहे : ‘हा कधी रिकाम्या तोंडी परतला नाही.’ पण आता त्या दगडी कुत्र्याला खालचा जबडाच उरला नव्हता.

मावशी नवा जबडा घडवून घेऊन गेली, तेव्हा धुक्यात चिटपाखरू नव्हतं. फक्त स्मारकाचा म्हातारा रखवालदार बाकावर बसला होता.

“जबडा नाही बसवला तर चालणार नाही का, बाई?”

“का हो? तुमचे दात पडले म्हणून त्यालाही नकोत?”

म्हातारा हसला नाही. “त्याचा जबडा पडलेला नाही. पाडलाय.”

“कुणी?”

“ज्यांच्या दाराशी तो काहीबाही आणून ठेवायचा, त्यांनी.”

मावशीने ते कानाआड केलं आणि छिन्नी उचलली.

काका, म्हणजे तिचा नवरा, दोन वर्षांपूर्वी याच दलदलीत मासे पकडायला गेले ते परतलेच नाहीत. होडी सापडली, होडीत डावा हातमोजा सापडला. काका सापडले नाहीत. गेले म्हणावं तर कुणी पाहिलं नाही, आहेत म्हणावं तर घर खायला उठतं. मी शाळेसाठी तिच्याकडे राहते, पण मी मुखदुर्बळ. माझी तिला सोबत ती किती. काका मला ‘ठकी’ म्हणायचे आणि दोघींना हसवायचे. मावशी अजून बाहेरच्या दाराला कडी लावत नाही, नुसतं लोटून ठेवते. तो मोजा ती हत्यारांच्या पिशवीत, तळाशी ठेवते.

जबडा बसवला की सांधा वाळेपर्यंत तोंडात काहीतरी मऊ कोंबावं लागतं, नाहीतर तो झुकतो. ती गोणपाटाचा तुकडा वापरते. त्या दिवशी तो घरी राहिला होता. उजेड चालला होता, कालवलेला चुना आळत होता. तिने पिशवीत हात घातला, मऊ लागलं ते काढलं, क्षणभर पाहिलं आणि कुत्र्याच्या तोंडात दिलं. एका रात्रीचा तर प्रश्न होता.

सकाळी सांध्याने पक्कं धरलं होतं. तोंड मात्र रिकामं होतं.

“मोजा तुम्ही काढलात का?” तिने विचारलं.

रखवालदार बाकावरून उठला. “वास दिलात तुम्ही त्याला,” तो हळूच म्हणाला. “कुणाचा होता…?”

त्या संध्याकाळी आमच्या पायरीवर मोजा पडला होता, चिखलाने जड झालेला. मावशीने तो दिव्याखाली धरला. तिच्याजवळचा डावा होता. हा उजवा होता. तेव्हाच तिने मला बजावलं.

दुसऱ्या संध्याकाळी बूट आला. एकच. नाडी बांधलेली, दाताची एकही खूण नाही.

आज सकाळी ती हातोडा घेऊन स्मारकाकडे गेली. मीही मागोमाग गेले. “फोडा,” रखवालदार म्हणाला. “अजून वेळ गेलेली नाही.” मावशीने हातोडा जबड्याला टेकवला. नव्या सांध्यावरून अंगठा फिरवला. मग तिने हातोडा पिशवीत टाकला.

“दोन वर्षं सगळ्यांनी शोधलं,” ती म्हणाली. “कुणी काही आणलं नाही. हा आणतोय.”

“मग एवढं तरी ऐका. शिकार मोठी असली की तो ठेवून जात नाही. हात पुढे केल्याशिवाय सोडत नाही. तुम्ही हात पुढे करू नका… बाई, ऐकताय ना?”

दिवे लागले आणि घरात दलदलीचा वास यायला लागला, कुजलेल्या गवताचा. मी जिन्यात बसले होते. बाहेरच्या पायऱ्यांवर दगडावर दगड ठेवल्यासारखा आवाज झाला. एक. दोन. तीन. मग काहीच नाही. नुसता दाराच्या फटीतून येणारा थंड श्वास.

मावशीने केस सारखे केले. दार वीतभर उघडलं आणि हात अंधारात धरला.

तिच्या तळव्यावर अलगद एक हात ठेवला गेला. पांढरा, सुरकुतलेला, मोज्याविना. तो नुसताच पडून राहील असं मला वाटलं. पण त्याने हळूहळू तिची बोटं धरली.

“वर जा,” मावशी मागे न बघता म्हणाली. तिचा आवाज इतका सुखी मी दोन वर्षांत ऐकला नव्हता.

मी वर आले, खोलीचं दार लावलं आणि लिहायला बसले. खाली कडी लागल्याचा आवाज आला, दोन वर्षांत पहिल्यांदा. आता कुणीतरी चालतंय. एक पाऊल बुटाचं, एक अनवाणी. आणि बाहेरच्या पायरीवर अजून कुणीतरी बसून धापा टाकतंय. शिकार तर दिली ना त्याने? मग तो कशाची वाट

खालून हाक आली. “ठकी, खाली ये.” आवाज मावशीचा नाही, आणि मला ठकी म्हणणारं या घरात