पांढरा दोरा

वारा सुटला होता, झाडांनी पानं टाकायला सुरुवात केली होती, आणि कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानात काम करणारा तो तरुण डबा सांभाळत घाईघाईनं चालला होता. वाटेत, गल्लीत सगळे ज्यांना मामा म्हणत, त्यांचं शिवणकामाचं दुकान. त्याच्या दाराला एक वाकडी कडी आहे. ती चार वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्यांचे कपडे ओढते आहे, आणि मामा चार वर्षं ती 'उद्या' बदलणार आहेत. त्या कडीनं नेमकी त्याचीच बाही धरली. टर्रकन आवाज झाला. आत मामांची भाची मशीनवर बसली होती, तिनं मान वर केली.

"तुमच्या दारानं माझा कोट फाडला," तो म्हणाला.

तिनं बाही उजेडात धरून पाहिली. "दाराला बोल लावू नका. हा कोट कधीच संपलाय, दारानं फक्त तुम्हाला कळवलं."

"थोरल्या भावाचा आहे हो. त्याच्याआधी बाबांचा होता."

"मग आता तरी बिचाऱ्याला सुटी द्या!"

तो हसला. हसताना चष्मा नाकावरून घसरला, तो त्यानं करंगळीनं वर सरकवला... एवढंच झालं. पण त्यानंतर तिला सुईत दोरा ओवायला तीन खेपा लागल्या.

एरवी ही मुलगी बोलण्यात कुणाला हार जाणारी नव्हती. मामा तिला ठमाबाई म्हणत ते उगाच नाही.

"नवा शिवायचा तर कसा हवा?" तिनं टेप गळ्यात अडकवत विचारलं.

"फॅशनमधलं मला ओ की ठो कळत नाही. दिवसभर लोकांच्या नाकावर फ्रेम चढवत असतो, तेव्हा हात वर झाले पाहिजेत. टोचायला नको, फार जाड नको. या दिवसांत सकाळी गार, दुपारी ऊन... अंगात कोट आहे हेच विसरायला झालं पाहिजे."

"हात वर करा."

त्यानं केले. तिनं छातीभोवती टेप फिरवला, आकडा वाचला, आणि तो लिहायला वहीकडे वळेपर्यंत विसरली. पुन्हा मापावं लागलं.

"दोनदा?"

"घाईत मापलं की काखेत काचतं."

"मग तिसऱ्यांदाही मापा... माझी काही हरकत नाही."

तिनं खाली मान घालून आकडा वहीत उतरवला. ठमाबाई गप्प बसलेली पाहून मामांनी कात्री थांबवून चष्म्यावरून पाहिलं.

तिनं वाळक्या पानांच्या रंगाचं मऊ लोकरी कापड निवडलं. आठ दिवस ती तोच कोट शिवत बसली. गळ्याला आतून सुती पट्टी लावली, कारण त्याच्या मानेवर जुन्या कोटानं घासून लाल केलेलं तिनं पाहिलं होतं. बाही काखेत अर्धा इंच सैल ठेवली. सगळ्यात शेवटी खिसे. नव्या कोटाचे खिसे दुकानातून जाताना कच्च्या टाक्यानं बंदच असतात, इस्त्रीत त्यांचं तोंड फाकू नये म्हणून. गिऱ्हाईक घरी जाऊन दोरा उसवतं. डावा खिसा बंद करण्याआधी तिनं आत एक चिठ्ठी सरकवली. 'ज्या दिवशी हे वाचाल, त्या दिवशी दुकान बंद व्हायच्या वेळी या. मी थांबेन.'

तो कोट न्यायला आला. अंगात घालून त्यानं हात वर केले, खाली केले, आणि म्हणाला, "अहो, हा तर माझाच आहे!"

"मग कुणाचा असणार?"

"तसं नव्हे... आजवर माझा असा कुठला कोट नव्हताच."

खिसे उसवायला सांगायचं ते याच वेळी. पण चिठ्ठीच्या विचारानं तिला ते सांगवेना. सगळ्यांनाच माहीत असतं, असं स्वतःला समजावून तिनं दार उघडून धरलं. वाकडी कडी हातानं झाकून धरली.

त्या दिवसापासून ती थांबू लागली. सात वाजता मामा कुलूप हातात घेत, आणि हिची नेमकी एक टीप राहिलेली असे. तो रोज सहाच्या सुमाराला समोरून जाई, काचेतून हात हलवी. तिची नजर मात्र त्याच्या खिशाकडे. तपकिरी कापडावर पांढरा दोरा तसाच! गारठा वाढत चालला, तो हात काखेत दाबून चालू लागला, तरी दोरा जागेवरच. बाहेर धावत जावं आणि 'खिसे उसवा' एवढंच सांगावं, असं तिला रोज वाटे. पण सांगितलं तर त्यानं आपण होऊन यावं ही आशा कुठे ठेवायची? इतकी वाट तिनं आयुष्यात कशाचीच पाहिली नव्हती, आणि ज्याची पाहायची त्याला पत्ताच नव्हता.

रस्त्यावर पानांचा खच पडला. झाडं जवळजवळ उघडी झाली. एका दुपारी मामा चहा ओतता ओतता म्हणाले, "तुझ्या चष्मेवाल्याची बदली झाली म्हणे. सोमवारपासून लांबच्या गावातल्या दुकानात."

"माझा कुठला?" ती म्हणाली, आणि तिच्या हातातली बाही उलटी शिवली गेली.

शनिवारी सहाला तो दिसलाच नाही. सात वाजले. मामांनी आज कुलूप तिच्यासमोर ठेवलं आणि ते पुढे गेले. तिनं दिवा मालवायला हात वर केला, तर दारात तो. तोच कोट.

"आलात?" ती कशीबशी म्हणाली.

"यावंच लागलं. निघायच्या आधी एक तक्रार सांगायची होती... रागवू नका हं. कोट फार सुंदर आहे. पण तुम्ही खिसेच ठेवले नाहीत."

तिनं पांढऱ्या दोऱ्याकडे बोट दाखवलं. "आणि हे काय आहे?"

"मला वाटलं, ही फॅशन असेल. दुकानात दोघांनी विचारलंसुद्धा, कुठे शिवलात म्हणून!"

जन्मभर दुसऱ्यांचे कोट वापरलेल्या माणसाला बंद खिसा कुठून माहीत असणार? तिला हसू आलं आणि डोळेही भरून आले. तिनं कात्री उचलली. उजव्या खिशाचा दोरा कट्‌कन तुटला. त्यानं आत हात घातला, ऊब लागताच त्याचा चेहरा फुलला.

"आता डावा?"

तिनं कात्री त्याच्या हातात दिली. "तो... तुम्हीच."

दोरा तुटला. त्यानं चिठ्ठी काढली. चष्मा करंगळीनं वर सरकवून वाचली, पुन्हा वाचली. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सात वाजून पाच मिनिटं.

"आलोय की," तो हळूच म्हणाला.

ती मान खाली घालून उभी.

"किती दिवस थांबलात?"

"सव्वीस."

त्यानं चिठ्ठीची घडी करून ती पुन्हा डाव्या खिशात ठेवली. मग म्हणाला, "तिकडचं दुकान पाचला बंद होतं. बसला दीड तास लागतो."

"म्हणजे साडेसहालाच पोचाल," ती म्हणाली. बोलणं परत आलं होतं. "मग अर्धा तास बाहेर थांबायचं. खिशात हात घालून."

"दोन्ही?"

"एक हात मोकळा ठेवा," ठमाबाई म्हणाली, आणि कुलूप घेऊन त्याच्यासोबत बाहेर पडली.