आठ बोंबलांचा वाटा आणि एक बावटा

अठ्ठेचाळीस भागिले एक म्हणजे किती? अठ्ठेचाळीसच ना? हर्षाली तांडेलनेही तेच काढलं होतं, दोनदा ताळा केला होता, आणि तरी शाळेचा यंत्रमानव ठिपका आपलं गोल डोकं हलवत म्हणत होता, "नाही पोचणार, हर्षू."

थांबा, आधी काय झालं ते ऐका. चार दिवसांपूर्वी हर्षालीच्या बाबांच्या होडीचं इंजिन भर समुद्रात बंद पडलं. रेडिओही गेला. तेव्हा पृथ्वीभोवती फिरणाऱ्या अंतराळस्थानकावर नागपूरच्या वसुधाताई होत्या. त्यांनी समुद्राचे फोटो एकेक करून चाळले, अठरा तास, पापणीला पापणी न लावता, आणि तिळाएवढी होडी शोधून काढली. बचावबोट निघाली. आज दुपारी बाबा घरी आले. पण सकाळीच वसुधाताईंचं यान शनीकडे निघालं होतं, आणि पावणेपाचला त्या दीर्घनिद्रेत (यंत्राने सांभाळलेली दोन वर्षांची झोप) जाणार होत्या. होडी किनाऱ्याला लागली का, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

"दोन वर्षं तोच घोर उशाला घेऊन झोपायची बिचारी," आई म्हणाली होती.

म्हणून हर्षालीने अख्ख्या कोळीवाड्याचा आभाराचा व्हिडिओ केला. शाळेच्या अँटेनाला त्यासाठी साठ सेकंद मिळाले होते. ते साठ सेकंद सुरू व्हायला आता दहा मिनिटं उरली होती.

"व्हिडिओ अठ्ठेचाळीस मेगाबाइटचा," ती म्हणाली. "वेग सेकंदाला एक मेगा. अठ्ठेचाळीस सेकंद लागणार. वर बारा उरतात."

"मेगा म्हणजे दहा लाख, बरोबर. पण दहा लाख काय?"

"बाइट. आणखी काय?"

"वेग बिटमध्ये मोजतात. बिट वेगळा, बाइट वेगळा. नावं सख्ख्या भावांसारखी, पण एक दुसऱ्याच्या आठपट."

ठिपक्याने पोटावरचा एक दिवा लावला. विझवला. "लागला म्हणजे हो, विझला म्हणजे नाही. एवढंच सांगतो तो बिट. माहितीचा सगळ्यात छोटा दाणा." मग त्याच्या पोटावर ओळीने आठ दिवे उजळले. "अशा आठांचा गठ्ठा म्हणजे बाइट. एका दिव्याच्या दोन तऱ्हा, दोन दिव्यांच्या चार, तिघांच्या आठ. असं दुप्पट करत जा, आठ दिव्यांच्या दोनशे छप्पन्न होतात. कुठले दिवे लागले यावरून मग आकडे लिहायचे, इंग्रजी अक्षरं लिहायची, फोटोचे रंगही लिहायचे."

हर्षाली कपाळावर हात मारून म्हणाली, "अरे, हा तर वाटा."

"कसला वाटा?"

"आई बाजारात बोंबील विकते ना. आठांचा एक वाटा लावते. आमच्याकडे सुटा बोंबील कुणी मोजतच नाही, म्हणून मी सगळंच वाट्यांत मोजलं. व्हिडिओ आहे अठ्ठेचाळीस वाटे, आणि तुझी अँटेना सोडते सेकंदाला एकच सुटा बोंबील."

"मेगा बोंबील," ठिपका म्हणाला.

"चेष्टा नको. अठ्ठेचाळीस गुणिले आठ, तीनशे चौऱ्याऐंशी सेकंद." तिचा आवाज बारीक झाला. "सहा मिनिटांच्या वर. आणि आपल्याकडे एक."

दारात उभे असलेले बाबा म्हणाले, "मग अर्धामुर्धा जाऊ दे ना."

"अर्धा उघडणार नाही, बाबा."

"बरं. त्या ताईला नक्की काय कळायला हवंय?"

हर्षालीने खिडकीबाहेर पाहिलं. त्यांच्या वाडीत होडी सुखरूप परतली की काठीवर लाल बावटा चढतो. लांबून बायकांना तेवढंच दिसतं आणि तेवढंच पुरतं. आजही तो फडफडत होता.

"चल," ती बाबांचा हात धरून धावली. बावट्याखाली बाबा, शेजारी आई, एक फोटो. तीन मेगाबाइट. "तीन आठे चोवीस सेकंद," तिने या वेळी न थांबता सांगितलं. ठिपक्याने मान डोलावली आणि कळ दाबली.

फोटो गेला.

"उत्तर येईल?" बाबांनी विचारलं.

"यानाची मोठी अँटेना आता मिटतेय, काका. त्यांना फार तर एक बिट पाठवता येईल."

तिघं अँटेनाच्या डब्याकडे बघत राहिली. पन्नास सेकंद झाले. पंचावन्न. आणि डब्यावरचा छोटा हिरवा दिवा लागला. फक्त एक दिवा, पण लागला.

बाबांना गणित फारसं जमत नव्हतं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, आभाळाकडे बघत दोन्ही हात जोडले आणि हळूच म्हणाले, "ताई, तुझाही बावटा दिसला गं."

व्हिडिओ हर्षालीने जपून ठेवलाय. ताई जाग्या होतील तेव्हा ती आठवीत असेल, आणि तोवर अठ्ठेचाळीस वाटे साठ सेकंदांत जातील अशी अँटेना बनवायला शिकायचं तिने ठरवलंय. ठिपका म्हणतो, जमेल.