पडद्याआडचा चेंडू

त्या काळी फलंदाजाच्या चष्म्यापासून कुठलाही संथ चेंडू लपत नसे.

पूर्वी ही फसवणूक सोपी होती. गोलंदाज हात जोरातच फिरवायचा, चेंडू फक्त तळव्यात खोल धरायचा. फलंदाज हाताचा वेग बघून बॅट आधीच फिरवून मोकळा व्हायचा. पण मनात फसवायचं असलं की खांद्याचे स्नायू किंचित वेगळे थरथरतात, आणि नव्या चष्म्यांना ते दिसू लागलं. म्हणून डॉ. अनुराधा पेंढारकरांनी ‘पडदा’ तयार केला. कानामागे बसवायचा तांदळाएवढा तुकडा. फसवायचा बेत मेंदूत शिजला की पडदा तो बेत आणि त्यामागचं खरं, दोन्ही माणसाच्या जाणिवेपासून झाकून टाकी. हातातून संथ चेंडू सुटे, आणि गोलंदाजाला मात्र आपण वेगवानच टाकतोय असं मनापासून वाटे. कुणी लबाडी करू नये म्हणून पडदा हंगामभर सीलबंद असे. तो बंद करता येत नसे.

पडदा बसवलेला गोलंदाज जयवंत खराडे हंगाम अर्धवट सोडून पेंढारकरांच्या प्रयोगशाळेत आला. त्याच्या बायकोचं, मालनचं, तेरावं आदल्या दिवशी झालं होतं.

“मॅडम, ती आठवडाभरच जगेल, हे दवाखान्यात मला सांगितलं होतं?”

“तुम्हीच आणलेल्या दवाखान्याच्या कागदावर तुमची सही आहे.”

“मला आठवत नाही. मी तिला म्हणालो, पंधरा दिवसांत घरी नेतो. ती माझं तोंड बघत राहिली. नऊ वर्षांत माझं एक खोटं तिच्यापुढे टिकलं नाही. वेलची चघळत आलो तरी विचारायची, ‘किती ओढल्या?’ त्या दिवशी हसली. म्हणाली, ‘मग जा की खेळायला. बोलायचंय बरंच. घरी निवांत बोलू.’ मी नागपूरला गेलो. चार बळी घेतले.”

“तिला त्रास नको म्हणून तुम्ही खोटं बोलायचं ठरवलंत. पडद्याला मैदान आणि दवाखाना सारखेच.”

“मैदानाबाहेर याचा काही परिणाम नाही, असं तुम्हीच सांगितलं होतंत. तेव्हा ठाऊक होतं तुम्हाला?”

“नाही! शप्पथ, नाही.”

मग त्यांचा हात कानामागे गेला. पहिला पडदा त्यांनी स्वतःवरच बसवून पाहिला होता. तो अजून तिथेच होता.

“नाही,” त्या पुन्हा म्हणाल्या. “म्हणजे... मला तरी तसं वाटतंय.”