नान्सीच्या फलाटावर नागुबाई

मी पलटणीच्या दवाखान्यात ड्रेसर होतो. जखम धुणं, नाडी मोजणं आणि नाडी थांबली की डॉक्टरांना सांगणं, हे माझं काम. वाढवून सांगायची मला सवय नाही.

१९४५ च्या मे महिन्यात जर्मनीतल्या छावणीतून आमची सुटका झाली. तीन वर्षं आम्ही कैदेत होतो. मी कडोलीचा, माझ्याबरोबर हिंडलग्याचा भरमू होता. न्युमोनियातून नुकताच उठलेला, हाडांचा सापळा झालेला. त्याची काळजी माझ्यावर सोपवलेली, म्हणून गाडीत आम्हा दोघांना स्वतःचं दार असलेला एक वेगळा खण मिळाला होता.

सकाळी सात वाजता स्ट्रासबुर्गहून गाडी सुटली. संध्याकाळपर्यंत रॅंसला पोचायचं, पुढं विमानानं विलायत, मग बोटीनं घर. बाहेर लख्ख ऊन. पडके पूल, शेतात उलटे पडलेले रणगाडे, त्यांच्याभोवती पिवळी फुलं. भरमू बटाट्याचा पाव खात सारखा एकच बोलत होता.

"अण्णा, घरला गेल्यावर आयला म्हणायचं, तांबड्या मिरचीचा ठेचा कर. लई दिस झालं बघ."

पहिल्या स्टेशनात गाडी थांबली. फलाटाच्या पार टोकाला, पाण्याच्या टाकीखाली, एक बाई पाठमोरी उभी होती. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, पाय अनवाणी.

फ्रान्समध्ये लुगडं! मी डोळे चोळले. उपाशी माणसाला काहीही दिसतं, हे मला ठाऊक होतं. मी भरमूकडं पाहिलं. त्याचं चावणं थांबलं होतं.

दुपारी नान्सी आलं. फलाटावर गर्दी होती. पांढऱ्या टोप्या घातलेल्या बाया कॉफी वाटत होत्या. त्यांच्यामधून हिरवं लुगडं आमच्याकडं येत होतं. आता तोंड आमच्या बाजूला होतं. कॉफीवाल्या बाया तिच्या वाटेतून न बघताच बाजूला सरत होत्या.

"अण्णा," भरमू हळूच म्हणाला, "माझी आय हाय ती."

"गप. तुला ताप आलाय."

"तुला दिसती न्हवं?"

मी त्याच्या कपाळावर हात ठेवला. ताप नव्हता. गाडी हलली तशी ती बाई धावायला लागली. म्हातारी माणसं धावतात तशी, एक हात कमरेवर ठेवून.

पुढचा दीड तास मी मनातल्या मनात स्टेशन येऊ नये म्हणून विनवत होतो.

स्टेशन आलं. अगदी लहान. फलाटावर चिटपाखरू नव्हतं.

ती खिडकीलाच होती.

सुरकुतलेलं तोंड, कपाळावर गोंदण. दोन्ही तळहातांनी ती काच बडवत होती. आवाज मात्र येत नव्हता. ओठ हलत होते. एकच शब्द, पुन्हा पुन्हा. मला तो ओठांवरून कळला.

उतर.

भरमू उठला. "सोड मला, अण्णा! आय बोलावतीया!"

मी त्याचा उजवा हात दोन्ही हातांनी गच्च धरला. जोर केला तर तो मोडेल असं वाटत होतं, तरी धरला. गाडीखाली गेला असता. अनोळखी मुलखात हरवला असता. मी त्याच्या भल्याचंच करत होतो.

गाडी सुटली.

भरमू खाली बसला. रडला नाही. खिडकीला मान टेकवून ऊन बघत राहिला. मी त्याचा हात सोडला नाही.

साडेपाचला तो हात मला गार लागला.

नाडी नव्हती.

हृदय बंद पडलं, असं रॅंसच्या डॉक्टरांनी लिहून दिलं. अशक्त माणसाचं पडतं. मीही तेच लिहिलं असतं.

मी घरी आलो तो दसरा होऊन गेल्यावर. दुसऱ्याच दिवशी हिंडलग्याला, भरमूची आई नागुबाई हिच्याकडं गेलो. दारात एक म्हातारी भुईमुगाच्या शेंगा निवडत बसली होती. तिनं मान वर केली आणि माझे पाय तिथंच थबकले. कपाळावर तेच गोंदण.

"तू कडोलीचा जोतिबा," ती म्हणाली. "बस. तार आलीया मला."

मी बसलो. ती शेंगा निवडत राहिली.

"वैशाखात मला लई ताप चढलता. माणसं म्हनत्यात, मी हंतरुणातच हुते. पर मी दिसभर त्या गाडीमागं पळत हुते, लेकरा."

"मावशी, तो उतरत होता. मीच धरून ठेवलं त्याला."

"तुझा न्हाय दोष. तू एकच हात धरलतास." तिनं मूठभर शेंगा सुपात टाकल्या आणि माझ्याकडं नीट पाहिलं. "त्येचा डावा हात धरून बसलता, त्यो कोण रं?"

गाडीतला तो खण माझ्या डोळ्यांपुढं आला.

भरमूच्या डावीकडं बसायला जागाच नव्हती. तिकडं नुसती खिडकी होती.