उरलेले मित्र

"पानचोर! दुसरं कोण असणार?" वकील ठणकावून म्हणाला. मामाच्या या मुलाला वाद घालायची भारी खोड, म्हणून घरीदारी सगळे त्याला वकीलच म्हणत.

बिट्टी मात्र वाकून जमीन न्याहाळत होती. दर सुट्टीत ती आणि तिचा धाकटा भाऊ ढब्बू मामाकडे आले, की सामान टाकून आधी तळ्यामागच्या जंगलात धूम ठोकायचे. झाडांखाली पालापाचोळ्याचा एवढा जाड थर असायचा, की पाय घोट्यापर्यंत रुतायचा. त्यातूनच मामीची लाडकी पांढरी रानफुलं डोकं वर काढायची. रोपवाटिका चालवणाऱ्या मामीचा त्यांच्यावर फार जीव. ती फुलं आता एवढ्याच जंगलात उरली होती.

आणि यंदा? पाचोळा नाही नि फूलही नाही! नुसती उघडी माती, चहाच्या चोथ्यासारखी रवाळ. झाडांची मुळंसुद्धा उघडी पडलेली. बिट्टीला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग.

"वाळकी पानं चोरून कोण काय करणार, वकीलसाहेब?" ढब्बूने विचारलं.

"खत!"

"मग गाडीची खूण कुठाय? पाऊल तरी दाखव!"

वकील डोकं खाजवायला लागला. तेवढ्यात, वारा अजिबात नसताना, मातीवर उरलेलं एकुलतं एक पान हललं.

"चोर खाली आहे!" बिट्टी किंचाळली.

मातीतले जीव वर काढायची युक्ती शाळेत बाईंनी दाखवली होती. मामीच्या डब्यातली मोहरी कुटली, बादलीभर पाण्यात कालवली आणि पाणी जमिनीवर ओतलं. थोड्याच वेळात माती वळवळायला लागली. गांडुळं! हात लावला की उसळी मारून निसटणारी, चिक्कार गांडुळं!

"ई! पण गांडूळ तर शेतकऱ्याचा मित्र ना?" ढब्बू दोन पावलं मागे सरकला.

"शेतकऱ्याचा! जंगलाचा कुणी म्हटलंय?" बिट्टी बोलून गेली आणि एकदम थबकली. 'शेतकऱ्याचा मित्र' हे शब्द तिने सकाळीच वाचले होते, मामाच्या दुकानाबाहेर!

तळ्यावर गळ टाकायला येणाऱ्या हौशी लोकांना मामा गांडुळं विकायचा. लांबून मागवलेली. बाहेर त्याने स्वतः रंगवलेली पाटी होती: 'गांडूळ शेतकऱ्याचा मित्र! उरलेले मित्र मारू नका, जंगलात सोडा.'

वकिलाचा चेहरा खर्रकन उतरला. "बाबा ऐकणार नाहीत," तो पुटपुटला.

आणि झालंही तसंच. तुमच्याच गांडुळांनी जंगलातला पाचोळा खाल्ला, असं पोरांनी मामाला सांगितलं. "हॅ! जंगलातली गांडुळं म्हणजे मरतुकडी," मामा हसला. "माझा माल बघा, कसा तरतरीत!"

"मग ओळखा, मामा," बिट्टीने दोन डब्या पुढे केल्या. "यातला तुमचा माल कुठला?"

मामाने झाकणं उघडली. एका डबीतली गांडुळं सुस्त पडली होती, दुसरीतली टणाटण उडत होती. "हा! माझा माल लपतो होय?"

"ती जंगलातली आहेत, बाबा," वकील म्हणाला. "दुसरी आईच्या वाफ्यातली. तुमच्या दुकानातलं एकही नाही यात."

मामाने घाईघाईने झाकणं लावली. मामी दारातच उभी होती.

"बी पाचोळ्यात रुजतं," ती म्हणाली. "यांनी सगळा पाचोळा खाऊन टाकला. मी मात्र जंगलात फुलं का उगवत नाहीत म्हणून आपलं बी बदलत बसले."

"अगं, मी जीवच वाचवत होतो ना!"

"कुणाचे?"

मामाने निमूटपणे पाटी उतरवली. संध्याकाळी गळवाल्या मंडळींसमोर त्याने पोरांचं तोंडभरून कौतुक केलं. "शाबास! जंगल वाचवलंत तुम्ही!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

बिट्टी मामीकडे धावली. "उद्या सगळीकडे मोहरीचं पाणी ओतू या?"

"कुठे कुठे ओतशील, बाळा? या गांडुळांची अंडी मातीच्या कणाएवढी. ती कशी वेचायची?"

"मग फुलं?"

"जंगलाच्या वरच्या चढावर अजून थोडी आहेत. गांडुळं तिकडे पोचायच्या आत बी काढून घेऊ."

"आणि मग?" ढब्बूने हळूच विचारलं.

"मग कुंडीत."

रानफुलं कुंडीत! शाबासकी द्यायला आलेला मामाचा हात बिट्टीने खांद्यावरून झटकला. चढावर जाताना एकही अंडं सोबत जायला नको, म्हणून ती मामीशेजारी बसून बुटांच्या तळाची माती घासून काढू लागली.