आतल्या खोलीतलं हसू

दुपारी गिऱ्हाईक पातळ झालं की ती काउंटरमागच्या स्टुलावर टेकायची, हातांना लागलेली भिंगांची भुकटी पुसायची आणि फोन उघडायची. चष्म्याच्या दुकानात काचा घासण्यात अर्धं आयुष्य गेलेलं, म्हणून ‘काचेतलं तळं’ या गटात तिला सगळे भिंगताई म्हणत. गट मासे पाळणाऱ्यांचा, पण माशांवर बोलणं कधीमधीच. बाकी नुसत्या गप्पा. चित्रकलेचे निवृत्त मास्तर सुरुवात करायचे, “आज आमच्या सोनेरी मासोळीनं माझ्याकडे पाठ फिरवली, अगदी हिच्यासारखी,” आणि मग ज्याच्या तोंडात जे येईल ते.

गटात गप्पी होता. गप्पी जातीचे इवलेसे मासे पाळायचा आणि बोलायचाही फार, म्हणून हे नाव. पन्नाशीचा, एकटा राहणारा, घरी बसून घरांचे नकाशे काढून देणारा माणूस. विनोद सांगायला घेतला की त्याचा शेवटच आधी सांगून मोकळा व्हायचा. सगळे त्याची फिरकी घ्यायचे, भिंगताई जरा जास्तच. तो कधी चिडला नाही. उलट भिंगताईच्या गुडघ्याची आणि मास्तरांच्या मोतीबिंदूची चौकशी रोज तोच करायचा. त्याचा चष्मा मोडला तेव्हा तिनं नवा करून पार्सलनं पाठवला होता. काडीवर एक हिरवा ठिपका, तिच्या हातची खूण.

एकदा त्यानं लिहिलं, “एक सांगू का? हसू नका. मी तुमचं सगळं मोठ्यानं वाचतो, घरात तेवढाच आवाज. हल्ली वाचत असलो की आतल्या खोलीत कुणीतरी हसतं. खोली रिकामी आहे. पण हसतं बरोबर जागी.”

“म्हणजे माझ्या विनोदांना,” मास्तरांनी लिहिलं. “जाणकार दिसतोय.”

“खरंच सांगतोय मास्तर. काल मी त्या खोलीचं दार लावून घेतलं. आत जायचा धीर होत नाही.”

समोर एक बाई आरशात बघून फ्रेम लावून पाहत होती. तिच्याकडे एक डोळा ठेवून भिंगताईनं टाइप केलं, “मग घ्या की त्याला आपल्यात. तुमच्यापेक्षा बरा निघाला तर तुम्हाला काढून टाकू.”

हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. सगळ्यांत शेवटी गप्पीचं उत्तर आलं.

“बरं. विचारतो.”

मग काही दिवस तो आलाच नाही. रुसला असेल, असं मास्तर म्हणाले. आणि आला तेव्हा त्यानं धमाल उडवून दिली. असा नेमका बोलायला लागला, की वाचणाऱ्याची हसून मुरकुंडी वळावी. कुणाच्या कुठल्या शब्दावर बोट ठेवायचं, कुठे थांबायचं, सगळं चोख. गट पूर्वी कधी नव्हता इतका भरून गेला. भिंगताईसुद्धा दुकानात तोंडावर हात धरून हसायची. गुडघ्याचं हल्ली कुणी विचारत नाही, हे तिच्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं. माशांबद्दलही तो एक अक्षर बोलत नव्हता.

म्हणून तिनंच लिहिलं, “गप्पी, टाकीचा फोटो टाका की.”

फोटो लगेच आला. टाकीतलं पाणी शेवाळून गेलं होतं. टाकीसमोर खुर्चीत एक माणूस बसला होता, कॅमेऱ्याकडे पाठ करून, मान जराशी कलती ठेवून, कुणाचं तरी ऐकत असल्यासारखा. फोटो आतल्या खोलीच्या दारातून काढलेला दिसत होता.

“पाणी बदला हो,” एवढंच मास्तरांनी लिहिलं. बाकी सगळे पुढच्या विनोदाकडे वळले.

तिनं फोटो मोठा केला. कानामागे, चष्म्याच्या काडीवर, हिरवा ठिपका होता.

पार्सलचा पत्ता तिच्याकडे होताच. रविवारी ती गेली. दार एका थकलेल्या बाईनं उघडलं. गप्पीची धाकटी बहीण.

“शेजाऱ्यांनी कळवलं म्हणून आले,” ती म्हणाली. “दादा बोलत नाही, हूं की चूं नाही. डॉक्टर म्हणतात, शरीरात काही दोष नाही. बसवलं तिथे बसतो.”

“फोनवर तर रोज असतात,” भिंगताई म्हणाली.

बहिणीनं कपाटाचा खण उघडून फोन दाखवला. “आले त्या दिवशीच बंद करून ठेवलाय मी हा.”

तो खुर्चीतच होता. टाकी रिकामी, धुऊन पुसून ठेवलेली. आतल्या खोलीचं दार सताड उघडं, आत नकाशांच्या गुंडाळ्या आणि गादीविना एक पलंग.

“तुम्हा लोकांचं फार कौतुक होतं त्याला,” बहीण म्हणाली. “शेवटी काय बोलणं झालं होतं हो तुमचं?”

“मासेच,” भिंगताई म्हणाली. “दुसरं काय असणार.”

आतल्या खोलीत कुणीतरी हसलं. हलकेच, बरोबर जागी.

“नळाचा आवाज येतो तिथून,” बहीण म्हणाली आणि पाणी आणायला गेली.

तेवढ्यात खुर्चीतल्या माणसानं मान वळवली. आवाज गंजलेला होता.

“ताई, मला काढलं का?”

“नाही हो,” ती कशीबशी म्हणाली. “तुम्ही आहात. कसं काढू तुम्हाला?”

त्यानं मान डोलावली आणि पुन्हा टाकीकडे वळला. नंतर ती बराच वेळ त्याच्याशेजारी बसली. निघताना तिनं बहिणीचा नंबर घेतला.

घरी येऊन तिनं गट उघडला. गप्पीनं आधीच लिहून ठेवलं होतं, “आज भिंगताई घरी आल्या होत्या. माझ्या बहिणीलाही हसवून गेल्या.”

“कशी झाली भेट?” सगळे विचारत होते.

गट चालवायचे अधिकार मास्तरांनी तिलाही दिले होते. तिनं त्याच्या नावावर बोट दाबून धरलं. ‘गप्पी यांना काढून टाकायचं?’ असा प्रश्न आला. खुर्चीतला माणूस डोळ्यांसमोर आला. तिनं प्रश्न मिटवला आणि लिहिलं, “छान झाली. मजा आली.”

तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि गप्पीच्या बहिणीला फोन लावला. सगळं सांगून टाकायचं, अगदी पहिल्यापासून, असं ठरवून. पण आवाज ऐकला आणि ती भलतंच बोलून गेली.

“जेवणं झाली का?” तिनं विचारलं.

“हो, आत्ताच. दादाला अंघोळ घातली, अंगणात उन्हाला बसवलाय.”

“झोप लागते का तुम्हाला?”

“लागते थोडी.”

“मला तुम्हाला एक सांगायचं होतं. त्या दिवशी मी...”

“ताई, एक मिनिट,” बहिणीचा आवाज एकदम उजळला. “दादा हसला वाटतं. आतून आवाज आला. उठून आत गेला असेल. किती दिवसांनी हसला हो! बघून येते.”

“जाऊ नका,” भिंगताई म्हणाली. “आधी अंगणात बघा. ऐकताय ना?”

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. मग सपाता, दूर जाणाऱ्या. बहिणीनं लाडानं हाक मारली, “दादा?”

भिंगताई फोन कानाला लावून ऐकत राहिली. सपाता परत आल्या नाहीत.

कानाशी फोन थरथरला. तिनं तो समोर धरला. गटात यायला कुणीतरी परवानगी मागत होतं. नावाच्या जागी लिहिलं होतं, ‘गप्पीची बहीण’.